उभी विमानं आणि रिकाम्या खुर्च्या

रात्री दोन वाजता सिम्युलेटरचं दार बंद होतं. बाहेरून पाहिलं तर सहा लांब पायांवर उभी असलेली एक मोठी पेटी. आत मात्र हुबेहूब कॉकपिट. डाव्या खुर्चीत नव्याने कॅप्टन होऊ घातलेला वैमानिक, उजवीकडे त्याचा जोडीदार, मागे प्रशिक्षक. धावपट्टीवर वेग वाढत असतानाच प्रशिक्षक एक इंजिन बंद पाडतो आणि पुढचे काही तास एकामागून एक संकटं समोर टाकत राहतो. वेळ रात्री दोनची, कारण दिवसाचे स्लॉट केव्हाच भरलेले असतात.

एखाद्या विमान कंपनीत वैमानिक जास्त झाले की कमी पडले, हे बऱ्याच अंशी या पेटीत ठरतं. वैमानिकांच्या टंचाईची चर्चा नेहमी एकूण आकड्यावर होते: इतके लागणार, इतके आहेत, इतके कमी पडणार. मला तो आकडा अपुरा वाटतो. वैमानिक सुटा नसतो. तो एका प्रकारच्या विमानाला आणि त्या विमानातल्या एका खुर्चीला बांधलेला असतो. बोइंग ७७७ चा कॅप्टन उद्या सकाळी एअरबस ए-३२० उडवू शकत नाही. त्यासाठी त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे तेवढ्या एका प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी, लागते. वर्गातले तास, सिम्युलेटर, परीक्षा आणि मग प्रशिक्षक कॅप्टनबरोबर प्रवाशांसह प्रत्यक्ष उड्डाणं, असं सगळं धरून दोन-तीन महिने सहज जातात. विमान एका आदेशाने एका रात्रीत जमिनीवर बसतं. माणूस मात्र एका रात्रीत हलवता येत नाही.

एका विमानाला किती वैमानिक लागतात, याचं गणित आधी पाहू. मध्यम पल्ल्याचं एक विमान दिवसाला अकरा तास उडालं, तर वर्षाचे साधारण ४,००० तास होतात. खुर्च्या दोन, म्हणजे ८,००० वैमानिक-तास. कायद्याने एका वैमानिकाला वर्षाला ९०० ते १,००० तास उडता येतं, पण रजा, आजारपण, राखीव ड्यूटी आणि सिम्युलेटरचे दिवस वजा केले की हाती ७००-८०० तास उरतात. म्हणजे एका विमानामागे दहा-अकरा माणसं. लांब पल्ल्याच्या विमानात आळीपाळीने झोपायला जादा वैमानिक न्यावे लागतात, तिथे हा आकडा बराच वर जातो. दहा विमानं बंद पडली की शंभरेक माणसांचं काम थांबतं. पगार, परवाने आणि वैद्यकीय तपासण्या काही थांबत नाहीत.

मार्च २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्स विमानं जगभर थांबवली गेली. लायन एअर आणि इथिओपियन एअरलाइन्सच्या दोन अपघातांत ३४६ जणांचा जीव गेला होता. बंदी घालणं बरोबरच होतं, त्याबद्दल दुमत असू नये. अमेरिकेत ती २० महिने टिकली, नोव्हेंबर २०२० पर्यंत. मॅक्स आणि जुन्या ७३७ चं टाइप रेटिंग एकच असल्यामुळे, ज्या कंपन्यांकडे जुनी विमानं भरपूर होती त्यांचे वैमानिक त्यांवर उडत राहिले. तरी तास घटलेच. वैमानिकाची कमाई उड्डाणाच्या तासांवर चालते. तास घटले की तो करारातल्या किमान हमीवर येतो. अमेरिकेच्या साउथवेस्ट विमान कंपनीच्या वैमानिक संघटनेने याच बुडालेल्या कमाईसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये बोइंगवर १० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दावा लावला. पुढे बंदी उठताना अट आली की मॅक्स उडवणाऱ्या प्रत्येक वैमानिकाने आधी सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षण घ्यायचं. मॅक्सची सिम्युलेटर जगात मोजकीच होती. विमानं सुटली तेव्हा माणसं पेटीच्या दारात रांगेत उभी राहिली.

काही वेळा विमान ठणठणीत असतं, इंजिन नसतं. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफ इंजिनांतल्या धातूच्या भुकटीपासून बनवलेल्या चकत्यांमध्ये दोष निघाला. शेकडो इंजिनं वेळेआधी उतरवून तपासावी लागली आणि एकेका इंजिनाच्या दुरुस्तीला आठ-दहा महिने लागू लागले. अमेरिकेच्या स्पिरिट कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे २६० वैमानिकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्याचं जाहीर केलं, त्यामागे ही उभी विमानं होती. त्याच वर्षी युनायटेड या मोठ्या कंपनीने आपल्या वैमानिकांना स्वेच्छेने बिनपगारी रजा घ्यायला सांगितलं, कारण बोइंगकडून येणारी नवी विमानं लांबली होती. जे विमान कारखान्यातून निघालेलंच नाही, तेही वैमानिकाच्या हिशेबात उभ्या विमानासारखंच.

बसून राहिलेल्या वैमानिकाची आणखी एक अडचण असते. गेल्या ९० दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केले नसतील, तर त्याला प्रवासी घेऊन उडता येत नाही. कोविडच्या काळात, मे २०२० मध्ये, दक्षिण कोरियाच्या आशियाना कंपनीने वैमानिकांचा सराव टिकवण्यासाठी आपलं भलंमोठं ए-३८० एकाही प्रवाशाविना उडवलं. दोन मजल्यांचं रिकामं विमान आकाशात घिरट्या घालून पुन्हा त्याच विमानतळावर उतरतं, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. वैमानिक कोठारात ठेवता येत नाही, हे त्या एका उड्डाणात दिसतं.

आता निवृत्तीकडे. तिची तारीख जन्मदाखल्यातच लिहिलेली असते, म्हणून ती सोपी वाटते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, म्हणजे इकाओची, परदेशी उड्डाणांसाठीची सध्याची मर्यादा ६५ वर्षं आहे. ही मर्यादा मुळात कशासाठी? हवाई वैद्यकशास्त्रात ‘एक टक्क्याचा नियम’ म्हणून एक हिशेब आहे. वैमानिक वर्षभरात अचानक आजाराने निकामी होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आत हवी. वर्षाचे तास ढोबळमानाने १०,००० धरले, तर तासाला ही शक्यता दहा लाखांत एक होते. टेकऑफ-लँडिंगचा नाजूक काळ उड्डाणाचा दहावा हिस्सा, म्हणून कोटीत एक. त्यातही शेजारचा वैमानिक शंभरात एखाद्याच वेळी विमान सांभाळायला चुकेल असं मानलं, तर अपघाताची शक्यता अब्जात एक. या हिशेबात वयाचा आकडा कुठेच नाही. तो जोखमीतून येतो. वय वाढलं की हृदयविकार आणि पक्षाघात वाढतात, म्हणून साठीनंतर तपासणी दर सहा महिन्यांनी होते. माझ्या मते ६५ या आकड्यात शरीरशास्त्र जेवढं आहे, तेवढीच तडजोडही आहे. अमेरिकेत १९६० पासून हीच मर्यादा ६० होती आणि जपानने २०१५ मध्ये ती ६७ वर नेली.

एक खुर्ची रिकामी झाली की काय होतं ते पाहा. ७७७ चा कॅप्टन पासष्ट वर्षांचा होतो आणि घरी जातो. बहुतेक मोठ्या कंपन्यांत बढती सिनियॉरिटीने चालते, म्हणून ती जागा लहान विमानाच्या एका कॅप्टनला मिळते. त्याला ७७७ चं टाइप रेटिंग करावं लागतं. त्याची डावी खुर्ची तिथल्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे उजव्या खुर्चीतल्या वैमानिकाला, मिळते. त्याला कॅप्टनचं प्रशिक्षण. त्याच्या उजव्या खुर्चीत नवा माणूस. त्याचं प्रशिक्षण अगदी सुरुवातीपासून. मध्ये आणखी कुणी विमान बदललं की साखळी लांबते. निवृत्त झाला एक, सिम्युलेटरच्या रांगेत लागले तीन-चार. तेवढे महिने हे सगळे पगारपत्रकावर असतात आणि रोस्टरवर नसतात. शिवाय त्यांना शिकवणारे प्रशिक्षक बहुतेक ज्येष्ठ कॅप्टनांतलेच, म्हणजे तेही त्याच वयोमर्यादेच्या दिशेने चाललेले.

मर्यादा वाढवली की हे सुटतं का? १३ डिसेंबर २००७ ला अमेरिकेने ६० ची ६५ केली. ज्यांची साठी त्याआधीच भरली होती, ते परतले तर अगदी नवखे म्हणून, सिनियॉरिटी शून्य धरून. काही दिवसांच्या फरकाने एकाला पाच वर्षं मिळाली आणि दुसऱ्याचं सगळं आयुष्याचं कमावलेलं गेलं. वरच्या खुर्च्या पाच वर्षं हलल्या नाहीत. त्यातच मंदी आली आणि खालच्या तरुणांची बढती खोळंबली, अनेकांची नोकरी गेली. डिसेंबर २०१२ पासून थोपवलेल्या निवृत्त्या पुन्हा सुरू झाल्या.

अलीकडची मागणी ६७ ची होती. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २०२३ मध्ये ती मान्य केली, पण मे २०२४ च्या अंतिम कायद्यात ती नव्हती. २०२५ मध्ये आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने हाच प्रस्ताव इकाओपुढे ठेवला आणि तो फेटाळला गेला. एकट्या अमेरिकेनेच ६७ केले असते तर काय झालं असतं? ६५ पार केलेल्या कॅप्टनला परदेशी जाता आलं नसतं. मोठी विमानं बहुतेक परदेशीच जातात. म्हणजे तो लहान विमानावर उतरला असता, तिथल्या एकाला बाजूला सारून, आणि साखळी उलट्या दिशेने फिरली असती. टंचाईवरचा उपाय आधी सिम्युलेटरची रांगच वाढवून गेला असता.

ग्राउंडिंग, म्हणजे विमानं जमिनीवर बसणं, आणि निवृत्ती यांची खरी गाठ पडली ती २०२० नंतर. विमानं उभी राहिल्यावर अमेरिकेच्या कंपन्यांनी हजारो ज्येष्ठ वैमानिकांना पैसे देऊन लवकर निवृत्त केलं. डेल्टाने ऑक्टोबर २०२० मध्ये आपली ७७७ विमानं कायमची काढून टाकली, त्यांवरच्या वैमानिकांना इतर विमानांवर हलवावं लागलं. मग प्रवासी अपेक्षेपेक्षा फार लवकर परतले. मोठ्या कंपन्यांनी रिकाम्या खुर्च्या भरायला लहान प्रादेशिक कंपन्यांचे कॅप्टन उचलले. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्ससाठी उडणारी शंभरच्या आसपास प्रादेशिक विमानं नुसती उभी होती. त्यांत दोष काहीच नव्हता, उडवायला कॅप्टन नव्हते. फर्स्ट ऑफिसर तर होते, पण तिथल्या नियमानुसार कॅप्टन व्हायला विमान कंपनीतल्या उड्डाणाचे १,००० तास लागतात. ते तास मिळवायला उडावं लागतं, आणि उडायला शेजारच्या डाव्या खुर्चीत कॅप्टन बसलेला असावा लागतो.