गावातला दोजो

दोजो : जपानी युद्धकला शिकण्याची जागा. ‘दो’ म्हणजे मार्ग, ‘जो’ म्हणजे स्थान. शब्द मुळात बौद्ध आहे. बोधिवृक्षाखालच्या जागेला संस्कृतात ‘बोधिमंड’ म्हणतात, त्याचे चिनी भाषांतर जपानीत ‘दोजो’ झाले. विदर्भातल्या खेड्यात कराटेचा वर्ग पुष्कळदा बुद्धविहाराच्या सभागृहातच भरतो. शब्दाच्या मूळ अर्थाच्या इतका जवळचा दोजो शहरातही सापडायचा नाही. विहार नसेल तिथे समाजमंदिर किंवा जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा. मुले अर्थातच ‘दोजो’ म्हणत नाहीत, ‘क्लास’ म्हणतात, आणि सेन्सेईंना (शिक्षकांना) ‘सर’.

जागा लहान आहे ही सबब चालत नाही. कानो जिगोरो यांनी १८८२ साली तोक्योच्या एइशोजी मंदिरात ज्यूदो शिकवायला सुरुवात केली ती १२ तातामींच्या (जमिनीवर अंथरायच्या जपानी चटयांच्या), म्हणजे साधारण २० चौरस मीटरच्या खोलीत. अडते ते जमिनीवर. खेड्यात एक तर कोबा असतो, नाही तर फरशी. कोब्यावर अनवाणी वळताना तळव्याचे कातडे सोलते, गुळगुळीत फरशीवर घामाने पाय सरकतो. तरी कराटेचे किहोन (मूलभूत ठोसे, लाथा, अडवणी) आणि काता (ठरावीक क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली) तिथे निभतात. ज्यूदोची फेक निभत नाही. तिला किमान ४० मिलिमीटर जाडीची मॅट लागते. कराटेची २० ते २५ मिलिमीटरची मॅट फेकीला पुरत नाही. मॅटचे तुकडे सरकून फट पडली की पायाचा अंगठा त्यात अडकतो, म्हणून चारही बाजूंनी लाकडी पट्टीची चौकट ठोकावी. मॅट उन्हात ठेवल्यास कडा वळतात.

मॅट नसेल आणि गावात तालीम असेल, तर कुस्तीचा हौद हा उत्तम पर्याय आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, तेव्हा इथे आखाड्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. फक्त हौदातली तांबडी माती दर वेळी खणून भुसभुशीत करावी आणि ढेकळे फोडावीत. शेतातली काळी माती मात्र कामाची नाही. उन्हाळ्यात ती भेगाळून दगड होते, पावसात पायाला गोळे चिकटतात.

पहिल्या महिन्यात शिकवायचे ते पडणे, म्हणजे उकेमी. इथेच सगळ्यांत जास्त घाई होते. आधी पाठीवर झोपून, मग उकिडवे बसून, शेवटी उभ्याने, हा क्रम मोडू नये. हनुवटी छातीला टेकलेली आणि नजर पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोके मागे आपटत नाही. हात शरीरापासून ३० ते ४५ अंशांवर, तळवा खाली, कोपर ते बोटे एकाच वेळी जमिनीवर आपटायची आणि श्वास सोडायचा. हात खांद्याच्या रेषेपर्यंत गेला तर झटका खांद्यात शिरतो. सर्वांत वाईट चूक म्हणजे पडताना हात मागे टेकून स्वतःला सावरणे. ती उपजत असते, म्हणून शेकडो वेळा पडूनच जाते. तोवर मनगट मोडण्याची भीती राहते. मागे, बाजूला आणि गोलांटी घेत पुढे, असे तिन्ही पडणे बसल्याशिवाय जोडीदाराला फेकू देऊ नये. कोब्यावर उकेमी शिकवूच नये, चादर अंथरूनही नाही.

शाळेत कराटे ही ओकिनावाचीच, म्हणजे कराटेचे माहेर असलेल्या जपानी बेटाचीच, रीत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसु आंको यांनी ते तिथल्या शाळांत नेले आणि नवशिक्यांसाठी पाच ‘पिनान’ काता बसवले. फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ मध्ये तोक्योत प्रात्यक्षिक दाखवले. पुढे त्यांनी या कातांना ‘हेइआन’ नाव दिले. त्यांच्या शोतोकान पद्धतीत पहिला काता हेइआन शोदान : २१ हालचाली, नवव्या आणि सतराव्या हालचालीला किआई (पोटातून आरोळी). पटांगणात चुन्याने इंग्रजी आय अक्षराची आकृती, वरखाली आडव्या दांड्यांसह, आखून द्यावी. काता जिथून सुरू झाला तिथेच संपायला हवा. मूल दोन हात पुढे संपवत असेल तर पावले कमीजास्त पडत आहेत. हमखास बिघडते ते नवव्या हालचालीनंतरचे २७० अंशांचे वळण. मागचा पाय पुरेसा ओलांडत नाही, दोन्ही पावले एका ओळीत येतात आणि पोर दोरीवर उभे असल्यासारखे डुलते. पावलांमध्ये खांद्याएवढे अंतर हवे, वजन पुढच्या पायावर सुमारे ६० टक्के.

पोशाखाला ‘गी’ म्हणतात, बाजारात ‘कराटे ड्रेस’. त्याचे पातळ कापड ज्यूदोच्या ओढाताणीत पहिल्याच आठवड्यात उसवते. ज्यूदोचा अंगरखा दुहेरी विणीचा घ्यावा लागतो.

पट्ट्यांची पद्धत कानो यांची. कराटेने ती ज्यूदोकडून उचलली. रंगांचा क्रम शाळेगणिक बदलतो, पण दोन क्यू (काळ्या पट्ट्याखालच्या श्रेणींच्या) परीक्षांमध्ये साधारण तीन महिने आणि काळ्या पट्ट्यापर्यंत नियमित सरावाची तीन ते पाच वर्षे हा अंदाज बहुतेक ठिकाणी लागू पडतो. वर्षात काळा पट्टा देणारा वर्ग पट्टे विकतो, कला नाही. २६ जानेवारीला कवेलू फोडून दाखवणे हाही तसाच तमाशा : वाळलेले कवेलू मधोमध मारले की फुटतेच, आणि वाढत्या वयातल्या हाडांना त्यातून इजाच मिळते. मुलींसाठी आठवड्याभराचे स्वसंरक्षण शिबिर घेतले तर ओरडणे, मनगट सोडवणे आणि पळणे एवढेच शिकवावे. तेवढ्या दिवसांत त्याहून जास्त टिकत नाही.

वर्गाचे वेळापत्रक शेतीवर चालते. उन्हामुळे विदर्भात शाळा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. एप्रिल-मेमध्ये सराव पहाटे साडेपाचला सुरू करून सातच्या आत संपवावा. सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीनंतरची कापूस वेचणी या काळात हजेरी अर्ध्यावर येते, म्हणून परीक्षा ऑगस्टमध्ये किंवा फेब्रुवारीत ठेवणे सोयीचे. शालेय क्रीडा स्पर्धांत कराटे आणि ज्यूदो दोन्ही आहेत, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत.

पावसाळ्यात सभागृहाचे कोपरे झाडल्याशिवाय आणि मॅट उलटून पाहिल्याशिवाय मुलांना आत घेऊ नये. विंचू ओलीत आसरा धरतो. झाडण्याचे काम विद्यार्थ्यांचेच, जपानी दोजोतही तेच करतात. ओल्या मॅटवरून गजकर्ण झपाट्याने पसरते. रोज मॅट पुसून वाळवावी, आणि चट्टा दिसलेल्या मुलाला बरे होईपर्यंत काता करू द्यावा, झोंबी नाही.