नायकाचा प्रवास आणि नायकातला बदल: कादंबरी नेमकी कधी पूर्ण होते?

कोल्हापुरात कादंबरी लिहिणारं कुणी भेटलं की हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते: "नायकाचा प्रवास पूर्ण झालाय, शेवटचं प्रकरण तेवढं जमेना." थोडं बोलत बसलं की लक्षात येतं, अडचण शेवटच्या प्रकरणाची नाहीच. नायक घरातून निघालाय, गुरू भेटलाय, संकटं झेलून झालीत, विजय मिळालाय, परत येणंही झालंय. पण निघालेला माणूस आणि परतलेला माणूस तोच आहे. नायकाचा प्रवास आणि नायकातला बदल या दोन वेगळ्या गोष्टी एकच धरल्या गेल्यात. कपाटात पडून राहिलेल्या हस्तलिखितांपैकी बरीचशी याच घोटाळ्यामुळं अडलेली असतात, असं माझं ठाम मत आहे.

आधी प्रवास. जोसेफ कॅम्बेल या अमेरिकी अभ्यासकानं १९४९ साली जगभरातल्या पुराणकथा आणि लोककथा शेजारी-शेजारी ठेवून त्यांतला सारखा सांगाडा दाखवला. निघणं, दीक्षा आणि परतणं असे तीन भाग, त्यांत मिळून १७ टप्पे. पुढं हॉलिवूडमध्ये पटकथा वाचून मत देण्याचं काम करणाऱ्या ख्रिस्तोफर व्होगलर यांनी १९८० च्या दशकात त्याचं एक आटोपशीर टिपण केलं, १९९२ मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि टप्पे १२ वर आले. लेखन कार्यशाळांत मिळणारा तक्ता बहुतेक वेळा हाच १२ टप्प्यांचा असतो, नाव मात्र कॅम्बेलचं घेतलं जातं. हा फरक किरकोळ नाही. कॅम्बेल कथा कशी लिहावी हे शिकवत नव्हता. पिढ्यान् पिढ्या सांगून झालेल्या, पूर्ण कथांमध्ये काय सापडतं ते तो नोंदवत होता. आपण तोच सांगाडा अर्ध्या लिहिलेल्या कादंबरीवर बसवायला जातो.

आपल्याकडंही असा आराखडा फार पूर्वीपासून आहे. नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्यात: प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा (मिळेल अशी आशा), नियताप्ति (मिळणारच ही खात्री) आणि फलागम. फळ हवंसं वाटण्यापासून ते हाती येण्यापर्यंतची ही वाट आहे. मोजलं जातंय ते कार्य. ते करणाऱ्याच्या मनात काय उलथापालथ झाली, हा इथं वेगळाच प्रश्न राहतो.

आता एक कादंबरी डोळ्यांसमोर आणूया. नायक राधानगरीकडच्या खेड्यातला पोरगा. गावच्या जत्रेत कुस्ती हरतो आणि मनाशी ठरवतो, जिंकल्याशिवाय बापाला तोंड दाखवायचं नाही. बाप दोन म्हशींतली एक विकून त्याला कोल्हापूरच्या तालमीत धाडतो. वस्ताद भेटतो. पहाटे उठून कुस्तीच्या मातीचा हौदा उकरणं, जोर-बैठका, थोरल्या पैलवानांचं अंग रगडणं. खुराकाचे पैसे संपतात, गुडघा दुखावतो, एक जोडीदार तालीम सोडून जातो. अखेर खासबागेत निकाली कुस्ती लागते. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ मध्ये सुरू झालेलं ते मैदान खचाखच भरलेलं. पोरगा घिस्सा डाव मारतो, समोरचा चीतपट. खांद्यावर चांदीची गदा, गुलाल, गावात मिरवणूक.

तक्त्यातल्या १२ घरांवर बिनदिक्कत खुणा करता येतील. तरी कादंबरी वाचून झाल्यावर हात रिकामाच वाटतो. कारण पहिल्या प्रकरणात पोरगा जे मानत होता, तेच शेवटी खरं ठरलं. जिंकला, म्हणून तोंड दाखवलं. विजयानं त्याच्या जुन्या समजुतीवर शिक्का मारला, एवढंच.

आता त्याच कादंबरीचा शेवट बदलून बघा. पोरगा खासबागेत हरतो. कानाची सूज उतरायच्या आत, अंगावरची माती नीट धुतलेली नसताना, रंकाळा स्टँडवरून राधानगरीकडची शेवटची एसटी धरतो. गावात कुणी वाट बघत नसतं. गोठ्यात बाप उरलेल्या म्हशीची धार काढत असतो. पोरगा काही न बोलता वैरणीची पेंढी सोडून म्हशीपुढं टाकतो. बाप विचारतो, "जेवलास का?" तक्त्यानुसार बक्षिसाचं घर रिकामं राहिलं. पण जिंकल्याशिवाय तोंड न दाखवणारा पोरगा हरून घरी आला. बदल पूर्ण झाला.

फरक इथं उघड होतो. प्रवास बाहेरच्या माणसालाही सांगता येतो. खासबागेत तिकीट काढून बसलेला कुणीही सांगेल की अमका आला, लढला, जिंकला. बदल फक्त त्यालाच दिसतो, जो पहिल्या पानापासून पोराबरोबर आहे. प्रवासाला घटना पुढं नेतात: म्हैस विकली, पैसे संपले, कुस्ती लागली. बदल निवडीतून घडतो. जवळपास तसाच प्रसंग दोनदा येतो, पहिल्यांदा माणूस एक करतो, दुसऱ्यांदा वेगळं. जत्रेत हरल्यावर पोरगा रात्रभर देवळामागं लपून बसला होता, खासबागेत हरल्यावर त्यानं घरची एसटी धरली. दोन हरण्यांमधलं हे अंतर म्हणजे बदल. त्यासाठी "आता त्याला कळून चुकलं होतं की..." असं वाक्य लागत नाही. हस्तलिखितात असं वाक्य सापडलं तर ते खोडावं आणि पुढची दोन पानं वाचावीत. खोडल्यावर बदल दिसेनासा झाला, तर तो लिहिलाच गेला नव्हता.

मग गोंधळ का होतो? कारण चांगल्या कथेत दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकाच जागी येतात. व्होगलरांच्या तक्त्यात शेवटाकडं 'पुनर्जन्म' नावाचा टप्पा आहे, तिथं नायक बदलून बाहेर पडतो असं म्हटलेलं असतं. लेखकाला वाटतं, तो प्रसंग लिहिला की बदल आपोआप आला.

दोन्ही वेगळे कसे राहू शकतात हे बघायला आपल्याच गावची कथा पुरेशी आहे. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं. मरताना त्यानं मागणं मागितलं की या जागेला माझं नाव असावं, आणि करवीरचं कोल्हापूर झालं. प्रवास म्हणून बघाल तर कथा इथं संपली: शत्रू, युद्ध, विजय. देवी आधी होती तशीच आहे. पण पुढची कथा सांगतात ती त्र्यंबोलीची. संकटात तिनं देवीला साथ दिली, आणि विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि गावाबाहेरच्या टेकडीवर पाठ फिरवून बसली. मग अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली. नवरात्रात ललिता पंचमीला पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजेच टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कोहळा फोडला जातो, ती याचीच आठवण. असुराशी लढणारी तीच आणि रुसलेल्या सखीच्या दारात जाणारीही तीच, पण मधल्या वाटेवर काहीतरी हललंय. मला तर युद्धापेक्षा टेकडीची ही चढण जास्त मोठी कथा वाटते. लढाईनंतर हे प्रकरण लिहायचं राहिलेल्या कितीतरी कादंबऱ्या आहेत.

उलटंही होतं. ययाती राजा कुठं जातो? कुठंच नाही. शुक्राचार्यांच्या शापानं म्हातारपण येतं, मुलाकडून तारुण्य घेतो, भोगतो, शेवटी परत करतो. शिरोड्याहून येऊन कोल्हापूरकर झालेल्या वि. स. खांडेकरांनी 'ययाति' लिहिताना कथा ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडी दिली. त्यामुळं एकाच घटनेनं तीन माणसं वेगवेगळी कशी हलतात ते वाचकाला दिसतं. याच कादंबरीला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. टप्प्यांच्या तक्त्यात ती बसवायला गेलं तर अर्धी घरं ओढूनताणून भरावी लागतील.

आता हस्तलिखिताकडं. प्रवास आधी आखता येतो. भिंतीवर कागद लावून, बाण काढून, प्रकरणं पाडून. बदल असा आखलेला क्वचितच टिकतो, कारण आपला नायक मुळात काय मानतो हे लेखकालाही लिहिता-लिहिता उशिरा कळतं. पहिल्या खर्ड्यात प्रवास पूर्ण होतो आणि दुसऱ्यात बदल, हे अगदी नेहमीचं आहे. म्हणून पहिला खर्डा संपल्यावर लगेच शेवटच्या प्रकरणाशी झटापट करण्यात अर्थ नसतो. काही आठवडे ते पान बंद ठेवावं. मग एका वहीत प्रत्येक प्रकरणासाठी दोन ओळी लिहाव्यात: डावीकडं काय घडलं, उजवीकडं नायकाची मूळ समजूत कुठं हलली. डावी बाजू भरभरून भरते. उजवीकडं सलग चार-पाच प्रकरणं कोरी दिसली की कादंबरी नेमकी कुठं बसकण मारते ते सापडतं, आणि ती जागा जवळपास नेहमी मध्यावर असते. तालमीतली तिसरी आणि चौथी कुस्ती एकच गोष्ट सांगत असेल, तर एक काढावी लागते. चांगली लिहिलेली असली तरी. हे जिवावर येतं, पण हस्तलिखित पूर्ण होतं ते इथं. शुद्धलेखन, टंकलेखन, प्रकाशकाला पाठवायची प्रत हे सगळं त्यानंतर. बहुतेक प्रकाशक नव्या लेखकाकडं पूर्ण हस्तलिखितच मागतात, तेव्हा अर्धवट प्रत घाईनं पाठवून हाती काही लागत नाही.

आणि काही कादंबऱ्यांत नायक बदलत नाही, बदलायला नकोच असतो. गुन्ह्याचा छडा लावणारा अधिकारी पहिल्या पानावर जसा असतो तसाच शेवटच्या पानावर असतो. हलतात ती त्याच्याभोवतीची माणसं. अशा वेळी वहीतली उजवी बाजू नायकाच्या नावानं लिहू नये. ज्याला त्याच्यामुळं आपली समजूत सोडावी लागली, त्या माणसाच्या नावानं लिहावी. तो फिर्यादी असेल, आरोपीची बायको असेल, नाहीतर एखादा हवालदार. तेही नाव सापडलं नाही, तर लिहायचं प्रकरण अजून बाकी आहे.