मेंदूचं ऑपरेशन नाकातून, ठिगळही नाकाचंच

आमच्या इमारतीतल्या एका काकांची मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीवरची गाठ काढली. पाचव्या दिवशी ते घरी आले. केस शाबूत, डोक्याला पट्टी नाही. भेटायला आलेल्या दोघांनी जिन्यात मला हळूच विचारलं, "खरंच मेंदूचं ऑपरेशन झालं ना?" झालं होतं, पण नाकातून.

कवटीच्या तळाशी मधोमध स्फेनॉइड हे हाड असतं. मराठीत त्याला जतूकास्थी म्हणतात. जतूका म्हणजे वटवाघूळ, आणि हाड दिसतंही तसंच, पंख पसरलेलं. त्याच्या पाठीवर खोगिरासारखा खळगा आहे. त्यात वाटाण्याएवढी पियुषिका बसते. डाव्या-उजव्या अंगाला मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिण्या, वर डोळ्यांच्या नसांचा चौक. गाठ वाढली की या चौकाला खालून रेटते आणि दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या कडेचं दिसेनासं होतं. काकांना जाता-येता दाराची चौकट लागायची. घरच्यांनी आधी दृष्ट काढली, त्यात मोलाचे महिने गेले.

खोगिराखालचं हाड पोकळ, हवेने भरलेलं असतं, आणि ती पोकळी नाकाच्या मागे उघडते. म्हणजे खालून गेलं तर मेंदूला बाजूला सारावं लागत नाही. १९०७ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे सर्जन श्लोफर यांनी ही वाट पहिल्यांदा धरली, तेव्हा त्यांना नाक बाहेरून कापून बाजूला वळवावं लागलं होतं. अमेरिकेतले मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी वरच्या ओठाखालून जाऊन ती सुधारली, पण पुढे स्वतःच सोडली. १९९० च्या दशकात दुर्बीण आली आणि वाट रुंद झाली.

पण खरी अडचण परतताना येते. मेंदूभोवती पाण्यासारखा द्रव असतो, रोज सुमारे अर्धा लिटर नवा तयार होतो. मेंदूचं आवरण उघडलं की तो नाकात गळतो, आणि त्याच भोकातून नाकातले जंतू वर जाऊन मेंदूज्वर होऊ शकतो. लहान भोकाला पोटाची चरबी किंवा मांडीच्या स्नायूंवरचा पातळ पडदा पुरतो. मोठ्या भोकावर मात्र असं सुटं ठिगळ फसू शकतं, कारण त्याला स्वतःचं रक्त नसतं.

अर्जेंटिनातल्या रोसारिओच्या हदाद आणि बासागास्तेगी या डॉक्टरांचं यावरचं उत्तर २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. नाकाच्या मधल्या पडद्यावरचं ओलं अस्तर सोलायचं, पण मागचा देठ तोडायचा नाही. त्या देठातून एक बारीक रोहिणी येते. ती स्फेनॉइडच्या पोकळीच्या तोंडाखालून आडवी जाते, म्हणून तिथलं हाड फोडण्याआधीच देठ राखावा लागतो. गाठ काढेपर्यंत अस्तर घशाच्या वरच्या बाजूला दुमडून ठेवतात, मग भोकावर पसरतात. सोललेली बाजू हाडाकडे, ओली बाजू नाकाकडे. उलटं बसलं तर चिकटत नाही आणि आत शेंबूड साठत राहतो. हाडावरचं जुनं अस्तरही आधी खरवडून काढावं लागतं. नीट बसलं की जिवंत ठिगळ जिवंत हाडाला धरतं.

अशा ऑपरेशनची 'टाका नाही, जखम नाही' ही जाहिरात मला म्हणूनच खटकते. जखम असते, आत असते. अस्तर सोलल्यामुळे उघडा पडलेला नाकाचा पडदा भरून यायला आठवडे लागतात, खपल्या धरतात, मिठाच्या पाण्याने नाक धुवावं लागतं. काकांना नाक शिंकरायला आणि वाकून वजन उचलायला बंदी आहे. वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकलं, तर ते सर्दी समजून वाफ घेत न बसता त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं, हे त्यांच्या फ्रिजवर लिहून लावलंय.