लाकडाला फुटलेल्या मिशा

"आत्या, टँकमधल्या लाकडाला मिशा फुटल्यात. आई म्हणते उकळून काढ." इंदूरच्या रामबागेतून भाच्याचा फोन. म्हटलं, संध्याकाळी येते, तोवर हात लावू नकोस.

हा ओंडका त्याने मंडलेश्वरला नर्मदेच्या काठावरून उचलून आणलेला. दोन महिने गच्चीवर उन्हात वाळवून मग फिशटँकमध्ये ठेवला. नव्या लाकडावर पहिल्या काही दिवसांत पांढरी, कापसासारखी बुळबुळीत साय धरते. लाकडातून पाझरणाऱ्या साखरेवर वाढणारे जिवाणू आणि बुरशी ती. बोटाने पुसली जाते, काही आठवड्यांत आपोआप ओसरते. मला वाटलं तेच असेल.

पण ते तसं नव्हतं. लाकडाच्या खालच्या अंगाला तपकिरी, बारीक नळ्या चिकटल्या होत्या, फाटे फुटत गेलेल्या. टॉर्च लावला तर प्रत्येक टोकावर काचेसारखा पारदर्शक तुरा. काडीच्या टोकाने अगदी हलकेच स्पर्श केला, आणि सगळे तुरे क्षणात आत! आम्ही दोघं श्वास रोखून बसलो. काही मिनिटांनी एक तुरा भीतभीत वर आला, मग दुसरा.

शेवाळ असं दचकत नाही. हायड्रा हा इवला पाणजीव दचकतो, पण तो आक्रसून नुसता ठिपका होतो, मागे नळी उरत नाही. हे होते ब्रायोझोआ, बहुधा त्यांतला प्लुमॅटेला हा प्रकार. ग्रीकमधून आलेल्या 'ब्रायोझोआ' या नावाचा अर्थच 'शेवाळ-प्राणी'. प्रत्येक नळीत एक जीव. त्याचा तुरा म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकारात मांडलेली शुंडकं; त्यांच्यावरचे सूक्ष्म केस पाण्याचा प्रवाह तोंडाकडे ओढतात, त्यातले बारीक जीव हे त्याचं अन्न. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या या प्राण्यांची सविस्तर नोंद प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी 1911 मध्येच करून ठेवली आहे.

मग दोन महिन्यांच्या उन्हातून ते वाचले कसे? वाचल्या त्या त्यांच्या बीजकळ्या, म्हणजे स्टॅटोब्लास्ट. कठीण कवचातली ही पेशींची शिदोरी कोरडेपणा सोसते आणि पाणी मिळालं की तिच्यातून नवी वसाहत उगवते. काही बीजकळ्या लाकडाला घट्ट चिकटून राहतात, काही तरंगत दूर जातात.

वहिनींची काळजी खरी होती, पण माशांना यांचा त्रास नाही. स्वच्छ टँकमध्ये बहुतेक वेळा अन्न पुरत नाही आणि वसाहत हळूहळू विरते. काढायचीच असेल तर ओंडका बाहेर काढून घासावा. टँकमध्येच मोठी वसाहत मेली, तर ती सडून पाणी नासतं. औषध तर मुळीच ओतू नये. तांब्याचं औषध गोगलगायी आणि झिंग्यांनाही मारतं.

निघताना भाच्याने पाण्याच्या कडेला काचेवर चिकटलेला एक तपकिरी कण बोटावर घेतला. रोज तो हे कण जाळीने गाळून फेकत होता, माशांचं उरलेलं खाणं समजून. भिंगाखाली धरला तर लंबगोल, मधे गडद, आणि भोवती हवा भरलेल्या पेशींची फिकट किनार, तरंगण्यासाठी.