फॉल्ट निघालेली गाडी आणि 'आपली कंपनी'

डिसेंबर-जानेवारीत संभाजीनगरहून खुलताबादच्या बाजूला निघालं की थोड्या थोड्या अंतरावर हुरड्याच्या पाट्या दिसायला लागतात. आगटीत भाजलेली कणसं, चोळून काढलेले गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. गेल्या काही वर्षांत या बेताच्या जोडीला पोरांसाठी आणखी एक आकर्षण आलंय, चार फुगीर टायरांची बाईक. कुणी तिला एटीव्ही म्हणतं, कुणी क्वाड, बाकी सगळे नुसतं 'ती चारचाकी बाईक'.

मागच्या जानेवारीत अशाच एका शेतावर आमच्या डोळ्यांदेखत त्या बाईकचा अ‍ॅक्सिलरेटर अडकला. चालवणारा मुलगा दहा-अकरा वर्षांचा होता. या गाड्यांना अ‍ॅक्सिलरेटर अंगठ्यानं दाबायचा असतो. त्यानं अंगठा काढला तरी इंजिनचा आवाज उतरेना. गाडी बांधावरून शेजारच्या पऱ्हाटीत घुसली, एका अंगावर कलंडली आणि बंद पडली. पऱ्हाटी दाट होती म्हणून पोराचं खरचटण्यावर भागलं. मालकांनी गाडी सरळ केली, केबलमध्ये तेलाचे दोन थेंब सोडले आणि पुढच्या पोराला बसवलं. संध्याकाळी त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं मोबाइलवर शोधून सांगितलं, "मामा, हेच मॉडेल कंपनीनं बाहेरच्या देशात परत बोलावलंय. अ‍ॅक्सिलरेटर अडकतो म्हणून." मामा म्हणाले, "आपल्या कंपनीचं तसं नसतंय. तिकडं कुणी नीट वापरली नसंल."

हे उत्तर एकट्या मामांचं नाही. त्याच्या मागं दोन इतिहास आहेत, एक या गाडीचा आणि एक आपला.

गाडीचा इतिहास सुरू होतो तीन चाकांपासून. १९७० मध्ये होंडानं यूएस९० नावाची तीन फुगीर चाकांची गाडी अमेरिकेत आणली. हिवाळ्यात मोटरसायकली विकल्या जात नाहीत, तेव्हा विक्रेत्यांना विकायला काहीतरी हवं, एवढीच त्यामागची गरज. गाडी खेळण्यासारखी दिसायची आणि खेळण्यासारखीच खपली. पण पुढं एक चाक, उंच बैठक आणि दोन्ही मागची चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली. वळताना दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात, म्हणून चालवणाऱ्यानं स्वतःचं वजन इकडून तिकडं टाकून गाडीला वळवावं लागतं. ज्याला हे जमलं नाही त्याच्यावर गाडी उलटायची. ऐंशीच्या दशकात जखमींचे आणि मृतांचे आकडे वाढत गेले, त्यांत लहान मुलं मोठ्या संख्येनं होती. १९८२ मध्ये सुझुकीनं चार चाकांची गाडी आणली आणि हळूहळू सगळ्याच कंपन्या चार चाकांकडं वळल्या. चार चाकांनी धोका कमी झाला, पण उंच बैठक आणि अरुंद चाकोरी तशीच राहिली.

१९८८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस या कंपन्यांशी न्यायालयाच्या शिक्क्यानिशी करार केला. तीनचाकी नव्यानं विकायच्या नाहीत, घेणाऱ्याला चालवायचं प्रशिक्षण मोफत द्यायचं, मोठ्या इंजिनाच्या गाड्या १६ वर्षांखालच्या मुलांसाठी विकायच्या नाहीत. करार दहा वर्षांचा होता. त्यातली एक गोष्ट मला आजही खटकते. आधी विकल्या गेलेल्या तीनचाकी गाड्या परत घ्यायचं बंधन त्यात नव्हतं. नवी विकणं बंद झालं, जुन्या लोकांच्या अंगणात राहिल्या. परिणाम असा की त्याच गाड्या जिवापाड जपणारे, सुटे भाग हुडकून त्या पुन्हा उभ्या करणारे हौशी लोक तिथं अजून आहेत. ज्या गाडीवर तरुणपणी मजा केली ती धोक्याची होती, हे कबूल करणं माणसाला जड जातं. मामांना तरी वेगळं काय वाटलं?

गाडी खरोखर परत बोलावल्यावर काय होतं, याचं मोठं उदाहरण २०१६ चं. पोलारिसनं आरझेडआर या शेजारी-शेजारी दोन बैठका असलेल्या ऑफ-रोड गाडीची सुमारे १ लाख ३३ हजार वाहनं परत बोलावली. क्वाडची ही मोठी बहीणच. इंजिन तापून पेट घेतल्याच्या १६० हून जास्त तक्रारी होत्या आणि एका घटनेत १५ वर्षांची मुलगी दगावली होती. त्या वर्षी कंपनीच्या ऑफ-रोड गाड्यांची विक्री घटली. दोष वेळेत कळवला नाही म्हणून २०१८ मध्ये कंपनीनं २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं. तरी कंपनी त्या बाजारात टिकून राहिली, तिच्या गाड्या घेणारे पुढंही घेत राहिले. दोष निघाल्यानं निष्ठा ताणली जाते, पण सहसा तुटत नाही.

ती तुटलेली दिसली ऑस्ट्रेलियात, आणि ती तोडली कंपन्यांनी. तिथं क्वाड बाईक हे शेतकऱ्याचं रोजचं साधन. मेंढरं वळायची, कुंपण बघायचं, फवारणीची टाकी न्यायची. उलटलेल्या गाडीखाली चेंगरून माणसं मरत राहिली, म्हणून २०१९ मध्ये सरकारनं सुरक्षेचं बंधनकारक मानक आणलं. ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाच्या प्रत्येक नव्या क्वाडला, गाडी उलटली तरी चालकावर पूर्ण भार येणार नाही अशी कमान बसवणं सक्तीचं झालं. होंडा, यामाहा यांसारख्या जुन्या कंपन्यांना हे मान्य नव्हतं. या कमानीनं उलट इजा वाढू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या तिथल्या क्वाडच्या बाजारातून निघून गेल्या. बाप-आजोबांपासून एकाच कंपनीची गाडी चालवणाऱ्या शेतकऱ्यांना दुसरं नाव शोधावं लागलं, आणि सीएफमोटोसारख्या चिनी कंपन्यांना जागा मिळाली.

आता आपल्याकडचं. मराठवाड्यात गाडीच्या बाबतीत ब्रँड हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. आपला शब्द 'कंपनी'. "कंपनी कोणती?" हा पहिला प्रश्न आणि "कंपनीचा आहे" म्हणजे अस्सल. ही निष्ठा टंचाईच्या काळात घडली. परवाना-राजमध्ये बजाज चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. बुकिंग आजोबांनी केलं आणि स्कूटर मुलाच्या लग्नात आली, अशा गोष्टी आपण घराघरात ऐकल्यात. निवडायला फारसं काही नव्हतं, मिळाली तीच कंपनी आपली. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, तेव्हा तर ही कंपनी नात्यातलीच झाली. गावातलं कुणी ना कुणी तिथं कामाला लागलं. हिरो आणि होंडा वेगळे होऊन दीड दशक लोटत आलं, तरी गावाकडं गाडीला हिरो होंडाच म्हणतात. ट्रॅक्टरचं तर रंगावरून चालतं. ज्या घरात लाल, तिथं पुढचाही लालच.

या निष्ठेचा खरा खांब मात्र मिस्त्री आहे. जवळचा मिस्त्री ज्या गाडीचं इंजिन डोळे झाकून उघडतो, ज्या गाडीचा पार्ट जालन्यात किंवा लातुरात संध्याकाळपर्यंत मिळतो, ती कंपनी चांगली. हा हिशेब अगदी शहाणपणाचा आहे. त्यात एकच उणीव. गाडीतला दोष कारखान्यातून आला की वापरातून, हे मिस्त्री विचारत नाही. तो वेल्डिंग मारतो, वायसर बदलतो, आणि गाडी चालते. दोष तिथंच मुरतो, कुणाच्या वहीत चढत नाही.

कंपन्यांनीही बरीच वर्षं हेच केलं. सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीतला दोषी पार्ट गुपचूप बदलून टाकायचा आणि मालकाला पत्ता लागू द्यायचा नाही. म्हणून परत बोलावणं हा शब्द कानावर पडला तोच 'बट्टा लागला' या अर्थानं. वाहन उत्पादकांच्या संघटनेनं स्वेच्छेनं पाळायची नियमावली केली ती २०१२ मध्ये. कायद्यात कलम आलं ते २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत, ११०अ. १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीबद्दल ठरावीक संख्येनं मालकांनी तक्रार केली, तर सरकार गाड्या परत बोलावायचा आदेश देऊ शकतं, आणि १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत मोटारींसाठी असा कायदा १९६६ पासून आहे. पन्नासहून जास्त वर्षांचं हे अंतर मामांच्या एका वाक्यात बोलत होतं.

नियम आल्यावर लगेच मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डनं बुलेट, क्लासिक आणि मेटिअरच्या २ लाख ३६ हजार ९६६ गाड्या परत बोलावल्या. इग्निशन कॉइलमध्ये दोष होता. दहा टक्क्यांहून कमी गाड्यांत पार्ट बदलावा लागेल, असा कंपनीचा अंदाज होता. बुलेटवर जीव टाकणारी माणसं मराठवाड्यात काय कमी आहेत? त्यांचं बुलेटप्रेम काही आटलं नाही. पुढच्या वर्षी विजेच्या स्कूटरांना आगी लागल्या, तेव्हा ओकिनावानं ३,२१५ आणि ओलानं १,४४१ स्कूटर परत बोलावल्या. या बातम्यांनंतर कुठं लोकांच्या तोंडी 'कंपनीनं गाड्या वापस बोलावल्या' हे वाक्य रुळलं.

पण हे सगळं नंबर असलेल्या गाड्यांचं. परत बोलावायचं तर गाडी कुणाकडं आहे हे माहीत हवं, आणि ते कळतं नोंदणीवरून. वाळूजलाच तयार होणाऱ्या बजाज क्यूट या छोट्या चारचाकीसाठी केंद्रानं 'क्वाड्रिसायकल' हा वेगळा वर्ग केला, त्यामुळं तिला नंबर मिळतो. हुरड्याच्या शेतावरची क्वाड रस्त्यावर चालवायची नसते, म्हणून तिला नंबर नाही, आरसी नाही, विम्याचा कागद नाही. त्यात ती दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेली. मामांनी ती एका बंद पडलेल्या रिसॉर्टवाल्याकडून रोखीनं घेतली होती. पत्र पाठवायचं म्हटलं तरी कंपनी ते कुणाच्या पत्त्यावर पाठवणार?

अशा गाडीसाठी एक दार आहे, पण ते फार कमी लोकांना माहीत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उभं केलं, ते जुलै २०२० पासून काम करतंय. धोकादायक वस्तू बाजारातून परत घ्यायचा आदेश द्यायचा अधिकार त्याला कलम २० नं दिला आहे. मानकं न पाळणाऱ्या प्रेशर कुकरांच्या बाबतीत २०२२ मध्ये तो वापरलाही गेला. प्रेशर कुकर जसा वस्तू आहे, तशी नंबर नसलेली क्वाडही आहे.

भाचा आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्या शेतावर गेलो. सीट उचलली. खाली चिखलाचा थर, त्याखाली अर्धा सोललेला पिवळा स्टिकर, त्यावर इंग्रजीत '१६ वर्षांखालील मुलांसाठी नाही' एवढं वाचता येत होतं. पुढच्या फ्रेमवरचा चेसिस नंबर दिसेना. मामांनी रॉकेलचा बोळा आणून दिला, भाच्यानं घासलं, मग एकेक अक्षर उमटत गेलं. सतरा अक्षरं होती. भाच्यानं ती कंपनीच्या यादीत टाकून पाहिली. नंबर यादीत निघाला. मामा काही बोलले नाहीत. आगटीजवळ बसलेल्या गड्याला त्यांनी हाक मारली आणि गाडीची किल्ली काढून घरात नेऊन ठेवायला सांगितली.