कट्ट्यावरचं पानशेत

आमच्या कट्ट्याचं सरासरी वय सत्याहत्तर. चालणं वीस मिनिटं, बसणं दीड तास. गुडघे आणि शुगर झाली की गाडी हमखास 'पुढचा नंबर कुणाचा' यावर येते. ज्याची नुकतीच अँजिओप्लास्टी झालीय त्याला सगळे दटावतात, "रांग मोडायची नाही हं."

परवा मात्र जुंपली ती पानशेतवरून. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं खडकवासल्याचंही फोडलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. बापू सांगत होता, लकडी पूल पाण्याखाली जाताना त्यानं डोळ्यांनी पाहिला. वडिलांचा हात धरून उभा होता, त्यांच्या छत्रीची एक काडी मोडलेली होती. अण्णा शांतपणे म्हणाला, "बाप्या, तू दिवसभर आमच्या घरी होतास. आईनं तुला उंबरा ओलांडू दिला नाही. छत्री कसली, तू माझा सदरा घालून बसला होतास."

दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं.

मोठा धक्का बसला की मेंदू त्या क्षणाचा फोटोच काढून ठेवतो, असं पूर्वी काही मानसशास्त्रज्ञांना वाटायचं. 'फ्लॅशबल्ब मेमरी' हे नाव १९७७चं. मग २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणाकडून, तेव्हा काय करत होता. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. ११ जणांचं नवं उत्तर जुन्याशी कुठेच जुळेना. चुकलेल्यांतले कितीतरी जण आपल्या उत्तराबद्दल अगदी ठाम होते. त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद दाखवला तरी मूळची आठवण काही परत आली नाही.

हे मी बापूला ऐकवलं. म्हणाला, "मी अमेरिकन नाही."

असं का होतं, याचा एक धागा २००० साली उंदरांवरच्या प्रयोगात हाती लागला. करीम नादर, ग्लेन शाफ आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली: आवाज झाला की शॉक. नंतर तोच आवाज पुन्हा ऐकवून लगेच मेंदूतल्या अमिग्डलात, म्हणजे भीतीच्या केंद्रात, नवी प्रथिनं बनू न देणारं औषध टोचलं. पुढे त्या उंदरांची भीती बरीच ओसरलेली दिसली. ज्यांना आवाज न ऐकवता नुसतंच औषध दिलं, त्यांची भीती मात्र जशीच्या तशी. म्हणजे आठवण काढली की ती काही काळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की करावी लागते. लोणच्याची बरणी दर वेळी उघडायची, दर वेळी हात लागणारच. उंदराच्या भीतीवरून एकदम बापूच्या छत्रीवर उडी मारणं धाडसाचं आहे, हे कबूल. पण साठ वर्षं ही गोष्ट सांगताना कुठल्या तरी पावसातली, कुठली तरी छत्री तीत येऊन बसली असेल. अण्णाच्या सदऱ्याचीही तीच कथा असू शकते. तो शांतपणे बोलतो म्हणून त्याचं खरं, असं नाही.

आमच्या सुनांना वाटतं, म्हातारे नुसतं जुनंच उगाळतात. ते खरंच आहे. उतारवयात माणसाला एखादा शब्द देऊन आठवणी विचारल्या, तर दहा ते तीस या वयातल्या प्रमाणाबाहेर निघतात. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिला पूर, सगळं त्याच काळातलं. पूर्वी डॉक्टरही हे उगाळणं म्हातारचळाचं लक्षण धरायचे. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञानं १९६३ साली उलट मांडलं, की मरण जवळ दिसू लागल्यावर आयुष्याचा हिशेब मांडणं ही मनाची स्वाभाविक गरज आहे. आमच्या हिशेबात फाजील विनोदच जास्त, पण बटलरसाहेबांची त्याला हरकत नसावी.

खरी पंचाईत नावांची. गणिताचे मास्तर सगळ्यांना दिसतात: तपकीर, काळा कोट, फळ्यावर खडू आपटायची सवय. नाव? शून्य. एका गाजलेल्या प्रयोगात तोच शब्द कधी आडनाव म्हणून सांगितला, कधी व्यवसाय म्हणून. व्यवसाय लक्षात राहिला, आडनाव निसटलं. आपल्याकडचं उदाहरण घ्या. 'हा सुतारकाम करतो' म्हटलं की रंधा, करवत, भुशाचा वास, सगळं मागोमाग येतं. 'याचं आडनाव सुतार' म्हटलं की मागे काहीच येत नाही.

म्हणून माणसं स्मरणशक्ती वाटून घेतात. डॅनियल वेग्नर यांनी १९८०च्या दशकात दाखवलं, की जोडपी नकळत खाती वाटून घेतात: वाढदिवस तिच्याकडे, विम्याचे हप्ते त्याच्याकडे. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात वृद्ध जोडप्याला मधुचंद्रात पाहिलेल्या नाटकाचं नाव आठवेना. तिनं नटाचं नाव घेतलं आणि त्याच्या तोंडून नाटकाचं नाव बाहेर पडलं. एकट्याला ते जमलं नसतं.

आमच्याकडे नावांचं खातं नानाकडे होतं. आडनाव, गाव, कुणाचा मेहुणा, सगळं. तो गेल्या डिसेंबरात गेला. त्याला काय काय माहीत होतं, हेच आता आम्हाला नीट माहीत नाही.

मास्तरांच्या नावाचं पहिलं अक्षर 'क', इथवर आम्ही पोचलो. पाऊण तास गेला. शेवटी बापू म्हणाला, "जाऊ द्या. आता जो पहिला वर जाईल त्यानं नानाला विचारून ठेवा."

अँजिओप्लास्टीवाला उठून चपला घालत म्हणाला, "माझ्याकडे बघू नका. मला रांग मोडायची नाही."