बाटलीबरोबरचा कागद : केस, डोकं आणि आमचं खोबरेल

आठवडा बाजारात आमच्या टेबलासमोर दर खेपेला एक प्रश्न येतोच. "काकी, ह्या तेलान माझे केस परत येतले काय?" आमचं उत्तर ठरलेलं. "गेलेले येवचे नाय गो. आसत ते नीट रवतले." काहीजणी हे ऐकून बाटली पुन्हा टेबलावर ठेवतात. ज्या घेऊन जातात, त्यांच्यासाठी हा कागद.

केस कातडीतून बाहेर आला की तो निर्जीव असतो. जीव असतो तो मुळात, कातडीच्या आत. महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढ होते. म्हणजे 60 सेंटीमीटर वेणीचं टोक पाच वर्षांपूर्वी उगवलेलं असतं. पाच पावसाळे, पाच मे महिने, दर्याचा खारा वारा, विहिरीचं पाणी आणि दर आठवड्याचं न्हाणं, सगळं सोसून ते टोक तुमच्या हातात येतं. खोबरेलाचं मुख्य काम या जुन्या केसावर आहे, मुळावर नाही.

केस भिजला की फुगतो, वाळला की आकसतो. हे शेकडो वेळा झालं की त्याची साल उचकटते आणि आतलं प्रथिन झिजून जातं. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. 2003 साली छापून आलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल शेजारी शेजारी लावून पाहिली होती. धुताना होणारी प्रथिनाची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. अर्थात तो अभ्यास खोबरेल विकणाऱ्या एका कंपनीच्याच संशोधन विभागातला होता, आणि आम्हीही खोबरेलच विकतो, हे लक्षात ठेवून वाचा.

यावरून एक सवय बदलावी लागते. पुष्कळजणी न्हाऊन झाल्यावर तेल लावतात. खरा उपयोग न्हाण्याआधी आहे. अर्धा ते दोन तास आधी, खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चमचे पुरतात. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करायचं, थेट आचेवर नको. बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, पाच-सात मिनिटं चोळायचं आणि उरलेलं टोकांना. चपचपीत तेल थापून रात्रभर झोपलात तर उशीचा अभ्रा, कपाळ आणि पुढे कपाळावरच्या पुटकुळ्या, एवढाच जास्तीचा लाभ.

आमच्याकडे दोन तेलं आहेत. पहिलं साधं, लाकडी घाण्यावरचं. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत खळ्यात वाळवलेलं खोबरंच आम्ही घाण्यात घालतो. पावसाळ्यात खोबरं वाळत नाही, त्याला बुरशी धरते, नाहीतर मग गंधकाची धुरी द्यावी लागते. ते आम्ही करत नाही, म्हणून भाद्रपदात कधी कधी आमच्याकडे माल नसतो. घाण्याचं आणि मिलचं खोबरेल यांत केसांना फारसा फरक कळत नाही, कारण लॉरिक आम्ल दोन्हीकडे तेच. फरक नाकाला कळतो. ओल्या नारळाचा रस आटवून काढलेलं आवेल तुमच्या घरी होत असेल तर आमच्याकडून साधं तेल घ्यायची गरजच नाही. आजी करते ते चांगलंच आहे.

दुसरं तेल माका, जास्वंद आणि ब्राह्मीचं. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बाजारात हिरवा रंग आणि अत्तर घातलेल्या खोबरेलालाही हेच नाव असतं.

आयुर्वेदात तेल सिद्ध करण्याचं एक प्रमाण आहे, शार्ङ्गधर संहितेत ते येतं : एक भाग वाटलेला कल्क, चार भाग तेल, सोळा भाग द्रव. म्हणजे पाच लिटर खोबरेलाला सव्वा किलो वाटण आणि वीस लिटर रस किंवा काढा. हे सगळं पाणी मंद आचेवर आटवायचं. घाई केली की तळाला कल्क लागतो आणि तेलाला करपट वास येतो, मग ते दिव्यालाच. आटत आलं की कढईतला कल्क काढून बोटांत वळून बघायचा. त्याची वात वळली, ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही आणि तेलावर फेस आला की पाणी संपलं. तुपाचं उलट असतं, त्यात पाणी संपल्यावर फेस बसतो. पाकाचेही, म्हणजे तेल शिजण्याचेही, तीन टप्पे आहेत, मृदू, मध्यम आणि खर. अंगाला-डोक्याला चोळायच्या तेलासाठी खर पाक सांगितला आहे, आम्ही त्याच्या अलीकडेच थांबतो. करपण्याची भीती, दुसरं काही नाही.

माका आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये शेताच्या मेरेवरून आणि पाटाच्या कडेने काढतो. पांढऱ्या बारीक फुलांचा. पिवळ्या फुलांची, तशाच पानांची एक वेल हल्ली रस्त्याच्या कडेने, अंगणात सगळीकडे पसरली आहे. ती माका म्हणून पिशव्या भरभरून आणून देतात लोक. ती आम्ही परत पाठवतो. ओळखायचं सोपं आहे : खऱ्या माक्याची पानं तळहातावर चुरडा, थोड्या वेळात रस काळपट होतो. ब्राह्मीच्या नावानेही दोन वेगळ्या वनस्पती चालतात. आमच्या तेलात गोल पानांची, विहिरीच्या ओलीवर पसरणारी मंडूकपर्णी असते. जास्वंदीची फुलं बाटलीवरच्या चित्रात छान दिसतात, पण केस मऊ करणारा बुळबुळीतपणा पानांत जास्त. घरी करायचं असेल तर दहा-बारा पानं पाण्यात कुस्करा, गाळा आणि न्हाताना शेवटी केसांना लावून धुऊन टाका. तेलाइतकं टिकत नाही, पण फुकट आहे.

माक्याने केस वाढतात का? उंदरांवरचे तसे प्रयोग छापून आले आहेत. माणूस म्हणजे उंदीर नव्हे. शिवाय औषधे नियम, 1945 (आधीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मध्ये अनुसूची जे म्हणून एक यादी आहे. त्यात टक्कल, अकाली पांढरे होणारे केस आणि नवे केस उगवणं हे सगळं येतं. हे बरं करतो असा दावा औषध विकणाऱ्याने करायचा नाही, असा नियम आहे. तेव्हा कुणी बाटलीवर '30 दिवसांत नवे केस' छापलं असेल तर तुम्हीच काय ते समजा.

आता तारीफ करणाऱ्यांबद्दल. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस मूठ-मूठ गळायला लागतात. डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठ्या तापानंतरही दोन-तीन महिन्यांनी असंच होतं. आजारात एकदम झोपी गेलेली मुळं इतक्या उशिरा केस सोडतात. मग माणूस घाबरून तेल आणतो, सहा महिन्यांत केस आपोआप भरून येतात आणि तेलाचं नाव होतं. आमचंही नाव बरंचसं असंच झालेलं आहे. चाई पडली, म्हणजे डोक्यावर नाण्याएवढा गुळगुळीत डाग झाला, की त्याचंही तेच. आयुर्वेदात याला इंद्रलुप्त म्हणतात. पुष्कळांच्या बाबतीत ती काही महिन्यांत आपली आपण भरते, आणि श्रेय जातं त्या वेळी जे चोळत होतो त्याला. लसूण चोळून कातडी भाजून घेतलेले लोक आमच्याकडे तेल मागायला येतात. त्यांना तेल देत नाही, कातडीच्या डॉक्टरकडे पाठवतो.

कोंडा हा वेगळा विषय. डोक्यावर राहणारी एक सूक्ष्म बुरशी कातडीच्या तेलकटपणावर जगते. घाम, दमट हवा आणि तेल मिळालं की ती माजते. आयुर्वेदातलं दारुणक याच्याच जवळचं. म्हणून कोंडा असताना आमचं तेल लावू नका. विकणाऱ्यानेच असं लिहावं हे आमच्या जावयाला पटलेलं नाही, पण कोंड्यावर तेल म्हणजे पेटत्या चुलीत चुडतं, म्हणजे माडाची सुकी झावळ, घालण्यासारखं. औषधाच्या दुकानात 2 टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू मिळतो. आठवड्यातून दोनदा, डोक्यावर पाचेक मिनिटं ठेवून धुवा. चार आठवड्यांत फरक नाही, किंवा लाल चट्टे कपाळावर, कानामागे उतरले, तर डॉक्टर.

आपल्याकडे कोंड्याचा हंगाम म्हणजे आषाढ-श्रावण. केस वाळतच नाहीत. सकाळी न्हायचं, ओल्याचाच अंबाडा घालायचा, त्यावर अबोलीचा वळेसार, वरून पदर किंवा हेल्मेट. संध्याकाळी सोडला तरी आतून ओलाच. पावसात न्हाणं रात्री नको, दुपारी ठेवा. पंचाने टिपून घ्या, झटकू नका, आणि मुळं कोरडी होईपर्यंत बांधू नका. बाळंतिणीला न्हाणं झाल्यावर धुपाटण्याची धुरी देत असत, त्यातलं शहाणपण धुरापेक्षा उबेत होतं. आज पंखा तेच काम करतो.

खाडीकाठच्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होतं. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि केसांवर चिकट थर बसतो. तिथे शिकेकाई बरी, ती पाण्याशी भांडत नाही. शेंगा आणि थोडा रिठा रात्री भिजत घाला, सकाळी उकळा आणि फडक्याने नीट गाळा. पूड तशीच डोक्यावर घातली तर तिचा भुसा दोन दिवस केसांतून निघत राहतो, आणि लोक त्यालाच कोंडा समजतात. रिठा डोळ्यांत गेला तर फार झोंबतो, मुलांना जपून. शेवटचा तांब्या जमलं तर टाकीतल्या गोड पाण्याचा घ्या.

उवांसाठी तेल लावून बारीक दातांच्या फणीने रोज विंचरणं, हा उपाय कंटाळवाणा पण खरा. लिखा फुटतात म्हणून निदान दोन आठवडे सोडायचं नाही. सीताफळाच्या बियांची पूड मात्र मुलांच्या डोक्याला लावू नका. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, आणि मुलं डोकं खाजवून डोळे चोळतातच. रॉकेल तर अजिबातच नाही. कापूर घातलेलं तेल तान्ह्या बाळाच्या डोक्यावर नको. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, म्हणून आमच्या कुठल्याच तेलात तो नाही.

काळ्या मेहंदीबद्दल विचारतात म्हणून : नुसती मेहंदी केस कधीच काळे करत नाही, तांबूस-नारिंगीच करते. काळा रंग निळीच्या पानांनी येतो, नाहीतर रासायनिक रंगाने. पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नका. आमचं तेलही पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. वनस्पती म्हणजे कुणाला कधी खाज यायचीच नाही, असं नाही.

रोज 50 ते 100 केस गळणं हे पानगळीसारखंच. त्याहून जास्त, महिनोन्‌महिने, भांग रुंद होत चाललेला, तर आधी रक्त तपासा : हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड. बायकांमध्ये लोह कमी असणं फार दिसतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह शोषू देत नाही. कुळथाच्या पिठीवर लिंबू पिळा, त्याने उलट मदत होते. केस हा अस्थिधातूचा मल असं आयुर्वेद म्हणतो, म्हणजे वैद्यही आधी पोटाचं आणि जेवणाचं विचारणार. बापाकडून किंवा आईकडून आलेलं टक्कल मात्र बांगडा खाऊनही थांबत नाही, तेलानेही नाही.

जानेवारीत पुण्या-मुंबईहून फोन येतात, "तेल गोठलं, भेसळ आहे का?" खोबरेल 24-25 अंशांच्या खाली गोठतंच, आमच्याकडेही पहाटे गोठतं. गोठणं म्हणजे भेसळ नव्हे, तसंच गोठलं म्हणजे शुद्ध असंही नव्हे. बाटली कोमट पाण्यात उभी करा.

तेल उन्हात आणि न्हाणीघरात ठेवू नका. खवट वास आला की टाका. रिकामी काचेची बाटली आणलीत तर तेवढे पैसे कमी करून भरून देतो, पण धुऊन पूर्ण वाळवून आणा. तळाशी थेंबभर पाणी राहिलं तरी महिन्याभरात तेल बिघडतं.